ढेपेच्या गाडीवरची मासोळी

नागपूरच्या माणसानं काढलेला संत्रा जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन ठेवा, पाहणारा ओळखणारच, असं नागसेन रामटेके यार्डाबाहेरच्या टपरीवर सांगत होता. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हाताची बोटं खडूनं पांढरी. "लंडनचा माणूस आन," तो दामिनीला म्हणाला, "नाईतं बांगलादेशचा आन. डोळे झाकून सांगन, हा संत्रा होय." दामिनी त्याच्याच टोळीत मालगाडीचे डबे तपासायची, वयानं त्याच्या मुलीएवढी, मेघाएवढी, तोंडानं त्याच्या सासूएवढी. "डोळे झाकून कसा दिसन काका," ती म्हणाली, आणि नागसेन यावर काहीतरी जोरदार बोलणार तेवढ्यात साहेबांनी बोलावल्याचा निरोप आला. साहेबांच्या मोबाईलवर एक फोटो होता. मालडब्याचं तपकिरी दार, दारावर खडूचा पांढरा गोल, गोलाच्या डोक्यावर वाकडा देठ, देठाच्या टोकाला फाकलेली दोन पानं. त्याला बरं वाटलं. फोटोत संत्रा जरा जास्तच गोल आला होता. सुशील साहेबांनी फोन त्याच्याकडे सरकवला आणि विचारलं, "रामटेके, हा बॉम्ब कोणी काढला?"

"बॉम्ब नाई साहेब. संत्रा होय." "मग हे काय?" "देठ." "वात वाटते. आणि ह्या ठिणग्या?" "पानं होत साहेब." साहेबांनी फोन उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, डोळ्यांपासून लांब नेऊन पाहिला. साहेबांच्या घरची काटोलला संत्र्याची बाग होती, लहानपण सगळं झाडाखाली गेलेलं. "बॉम्बच वाटते गा," ते शेवटी अगदी मनापासून म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की बांगलादेशच्या सीमेवर सोयाबीनच्या ढेपेची, जनावरांच्या पेंडीची, अख्खी गाडी याच्यापायी थांबवून ठेवली होती. कुत्रा आणला. कुत्र्यानं ढेप हुंगली, लागोपाठ शिंकला, आणि डब्याच्या सावलीत झोपी गेला. कुत्रा झोपला म्हणजे धोका नाही की धोका जास्त, यावर दोन खात्यांचं एकमत होईना, म्हणून दुसरा कुत्रा बोलावला. साहेब हसत नव्हते, पण ओठ आवळून बसले होते. "आता खडूनं कामाच्या खुणांशिवाय काही काढायचं नाही," ते म्हणाले, आणि उठता उठता, अधिकारी म्हणून नाही, आपलं सहजच विचारावं तसं विचारलं, "पण काहून काढता तुम्ही हे?"

"असंच," नागसेन म्हणाला. तेच उत्तर खिशात किल्ली खुळखुळावी तसं घरापर्यंत वाजत राहिलं. असंच. मनीषनगरच्या पुलावर गाड्या हॉर्न वाजवून एकमेकांना शिव्या देत होत्या, खालून कोळशाची रिकामी गाडी चालली होती, आणि तो कठड्याला लागून स्कूटर उभी करून डबे पाहत होता; डबे पाहायची सवय सुटत नाही, सुट्टीच्या दिवशीही चाकांचा आवाज आला की मान वळते. काहून काढता. एवढं काय अवघड होतं सांगायला. म्हणायचं होतं, साहेब, ही डब्यांची माळ, हा रेक, आपल्या यार्डाचा, घरचा. बाकीच्या गाड्या येतात नि जातात, कोणाचे डबे कुठं जातील नेम नाही. हा एक रेक मात्र इथून ढेप भरून बांगलादेशात जातो आणि रिकामा होऊन तपासणीसाठी परत इथंच येतो. आलेली गाडी तपासायची, चाकं ठोकायची, ब्रेक पाहायचे, आणि दारावर खडूनं खूण करायची, की हो, मी पाहिली. सगळी नोकरी ह्या एका वाक्यात गेली. मी पाहिली. कोणाला सांगत होतो ते कधी कळलं नाही. मग एका दुपारी खुणेच्या बाजूला हातानं आपोआप एक गोल काढला, गोलाला देठ दिला, पानं दिली. गाडी गेली. विसरूनही गेलो होतो. गाडी परत आली तेव्हा संत्रा अर्धा पुसला होता आणि त्याच्या शेजारी एक मासोळी होती.

खडूचीच. पण हात सरावाचा. एका रेघेत पाठ, एका रेघेत पोट, शेपटीला उगाच एक झटका, जशी काढता काढता निसटून चालली होती. नागसेन तिच्यासमोर किती वेळ उभा राहिला ते दामिनीनं नंतर सगळ्या यार्डाला सांगितलं. त्यानं पुन्हा संत्रा काढला. पुन्हा मासोळी आली. मधे पाऊस असला की दोन्ही धुऊन निघायचे, तर पुढच्या खेपेला तो मोठा काढायचा. हळूहळू त्याला मासोळीचा स्वभाव कळायला लागला. कधी तोंड उघडं, कधी खवले मोजूनमापून भरलेले, म्हणजे त्या दिवशी तिकडं काम कमी होतं. एकदा नुसती पाठ आणि डोळा. घाईत होतं बिचारं. बिचारं की बिचारी, हे ठरत नव्हतं. कधी त्याला वाटायचं लुंगीतला एक म्हातारा असेल, विडी कानावर ठेवून काढत असेल. कधी वाटायचं आपल्याच बाजूच्या शेवटच्या स्टेशनातला कोणी असेल, कधी सीमेवरच्या गेटाच्या पलीकडचा. कोण ते विचारता आलं असतं, पण बांगला लिहिता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटत होती. कळलं असतं तर काय, एक नाव, एक पगार, एक गुडघेदुखी. मासोळी बरी होती.

घरात बायको, प्रेमलता, टीव्ही लावून मेथी निवडत होती. "काय म्हणे साहेब?" "काई नाई." "काई नाई कसं, दामिनीचा फोन आला होता. तुमी गाडीवर बॉम्ब काढला म्हणे." तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "मी फोटो पाहून पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, देठ लांब होऊन राहिला." त्यानं मोबाईल उघडला. मेघा पुण्याला असते, मोठ्या कंपनीत. त्यानं सकाळी तिला लिहिलं होतं, बेटा जयभीम, इकडे थंडी सुरू झाली, तुझ्याकडे आहे का. उत्तर आलं होतं. अंगठा. थंडी आहे याला अंगठा की थंडी नाही याला, ते काही त्यात नव्हतं. जावयाचा अंगठा, मेव्हण्याचा अंगठा, कॉलनीच्या ग्रुपवर पाणी येणार नाही असं कोणी लिहिलं तर त्यालाही वीस अंगठे. सगळ्या दुनियेनं बाकीची चार बोटं कुठं ठेवली, असं त्याला कधी कधी वाटायचं. मासोळीनं निदान कधी अंगठा दिला नव्हता. मासोळीला देताही आला नसता.

आणि असं बसल्या बसल्या त्याला आपलं गाव, खापा, आठवायचं. आठवायचं म्हणजे काय, कन्हानची तापलेली वाळू तळपायाला लागायचीच. उन्हाळ्यात नदी आटली की पलीकडच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागत. त्याचा बाप नत्थू तिकडं झोपडं करून राहायचा, आणि अलीकडं खाप्यात माय, अंजनाबाई, दुपारचं काम आटोपलं की याला बोटाला धरून काठावर जायची आणि पितळी थाळी वाजवायची. आवाज पाण्यावरून जाई. मग लांब, उन्हाच्या झळांमध्ये हलणाऱ्या त्या वाळूवर, मुंगीएवढा एक माणूस उभा राहून खांद्यावरचा दुपट्टा वर करी. बस, एवढंच. बोलणं नाही, हाक नाही. तो पांढरा ठिपका वर गेला की माय थाळी काखेत मारून घरी वळे, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक चांगला होई. उन्हाळा संपताना बाप घरी आला तो टरबुजं घेऊन नाही, विटाभट्टीची राख अंगावर घेऊन. वाडीत किडा पडला म्हणून तो कधीचाच सावनेरकडे भट्टीवर गेला होता. मग दुपट्टा कोण वर करत होतं, तर शेजारच्या वाडीचे बापूजी. "रोज थाळी वाजे," बापूजी म्हणाले, "कोणीतरी उत्तर देलं पाहिजे ना गा." नत्थू चिडला, की माझ्या बायकोले तू काहून हात करतं. माय मात्र भाकरी थापत राहिली. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली, "तुमी डावखुरे होय. हात उजवा वर होत होता." मग रोज काहून जात होती, असं बापानं विचारलं तर ती म्हणाली, "वर होत होता ना." नत्थू अंगावरची राख झटकायला बाहेर गेला. उन्हात काठावर उभं राहून आपण वाट पाहतो ती कोणाची, बापाची की हात वर होण्याची, असा एक वळवळता प्रश्न नागसेनच्या डोक्यात त्या वयात शिरला तो तिथंच राहिला, आणि ढेपेच्या गाड्या सुरू झाल्यावर जागा झाला.

आता मात्र सीमेवरचं गेट बंद झालं. पलीकडं काहीतरी बिनसलं, अलीकडं काहीतरी बिनसलं, टीव्हीवर माणसं एकमेकांवर ओरडली, आणि दक्षिणेकडच्या त्या खालच्या गेटातून गाड्या जाणं थांबलं. घरचा रेक शेवटचा रिकामा होऊन परत आला आणि काम नाही म्हणून मनीषनगरच्या बिल्डिंगांमागच्या बाजूच्या लाइनीवर उभा करून ठेवला. नागसेननं त्या डब्याचं दार शोधलं तेव्हा त्याचा बॉम्ब पुसून टाकलेला होता, फडक्याचे फराटे दिसत होते. फराट्यांच्या बाजूला मासोळी होती, सगळी, खवल्यांसकट. आणि मासोळीच्या तोंडापुढे, हे कधीच झालं नव्हतं, तिनं एक संत्रा काढला होता. देठ नाही. पानं नाहीत. संत्रा मधून उघडलेला आणि आत फोडी, चाकाच्या आऱ्यांसारख्या, एकेक फोड नीट. म्हणजे असा काढायचा, भाऊ. असा काढला की कुत्रे येत नाहीत. तो वाकून त्या फोडी पाहत राहिला. इतक्या लांबून कोणीतरी त्याची चूक सुधारली होती आणि चूक केली म्हणून रागावलं नव्हतं. असं आयुष्यात फार थोड्या वेळा होतं. आणि आता याला उत्तर द्यायचं होतं, आणि गाडी जाणार नव्हती.

रोज संध्याकाळी तो तिथं जायला लागला. प्रेमलता एकदा म्हणाली, मले तं दाखवा तुमची मासोळी, आणि घरातल्याच चपला घालून गिट्टीवरून त्याचा दंड धरत आली. डब्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे मासोळी होय? मले वांगं वाटलं." "शेपटी पाय ना वं." "वांग्यालेही असतेच शेपटी." मग ती चष्मा पुसून जवळ गेली आणि एकेक रेघ निरखत राहिली. उन्हं बिल्डिंगांच्या टाक्यांवर गेली होती. "डोळा अगुदर काढला," ती म्हणाली. "पाहा, बाकीच्या रेघा डोळ्याच्या भोवतालून गेल्या. माणसं डोळा शेवटी ठेवतात, उरलेल्या जागेत. हे बाईचं काम होय." त्यानं चाचरत विचारलं, "तुले राग आला का?" "राग कायले येईन. तुमी माझ्यासाठी कधी वांगंही नाई काढलं, तेवढं आठवलं." आणि परत जाताना तिनं त्याचा दंड धरला नाही, पण एका ठिकाणी थांबून, मागं न वळता म्हणाली, "पाऊस येऊन राहिला. पुसून जाईन ना थे."

म्हणून छत्री. अवकाळीचे ढग आले की तो धावत जाऊन डब्याच्या दाराला छत्री धरायचा, स्वतः भिजत. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "डब्याले छत्री काहून धरून राहिले भाऊ?" "डबा सिक आहे," नागसेन म्हणाला, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही, बिघडलेल्या डब्याला यार्डात सिकच म्हणतात. गृहस्थ डब्याकडे सहानुभूतीनं पाहून गेले. छत्रीनं किती दिवस भागणार. नंदनवन भागात मेव्हण्याचं रंगाचं दुकान होतं. तिथून त्यानं पारदर्शक वार्निश आणलं आणि लहान ब्रशनं, श्वास धरून, मासोळीवरून आणि फोडींवरून फिरवलं. खडू जरा गडद झाला आणि कायमचा बसला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. जपून ठेवलेली गोष्ट जपून राहते असं त्याला वाटत होतं.

मग बातमी आली की ढेप पुन्हा जाणार. खालच्या गेटातून नाही, वरच्या. पार उत्तरेकडून वळसा घालून, नव्या रस्त्यानं. यार्डात सगळ्यांना आनंद झाला, फक्त नागसेन टपरीवर ग्लास हातात घेऊन बसला. मासोळी खालच्या गेटची. गाडी वरच्या गेटची. "तुमी पण काका," दामिनी म्हणाली, "खालच्या गेटवर गाड्याच नाई, तं थे मासोळी तिथं बसून काय पाण्यात पोहून राहिली असन? तिची बदली केली असन वरच्या गेटवर. आपल्याले नाई का हलवत, काम जिकडे तिकडे माणूस." तिनं गंमत केली होती. त्याला मात्र ते इतकं खरं वाटलं की ग्लासातला चहा थंड झाला. बदली. का नाही. बदली तर सगळ्यांचीच होते. एका बाईनं बॅग भरली, गाड्यांच्या मागोमाग वर गेली, नव्या यार्डात उभी आहे, येणाऱ्या प्रत्येक गाडीची दारं पाहते आहे; हे चित्र त्याच्या डोक्यात एवढं स्पष्ट झालं की तिच्या हातातला खडूसुद्धा त्याला दिसला. हा रेक वर गेला आणि संत्रा घेऊन गेला तर ती भेटेल. उत्तर आलं तर ती आहे. नाही आलं तर काठावरच्या त्या मुलाला घरी न्यायची वेळ झाली. साहेबांचा हुकूम त्याला आठवत होता. तो डब्याजवळ गेला, वार्निशच्या मासोळीपुढे गुडघा टेकून, देठ नसलेला, पानं नसलेला, आतून उघडलेला संत्रा त्यानं मासोळीच्या खाली खडूनं काढला, तिनं शिकवल्यासारखा, एकेक फोड. आयुष्यात इतका चांगला संत्रा त्याच्या हातून आधी आला नव्हता. बाकीच्या डब्यांवर काही काढलं नाही. एकच पुरे, तिला कोणतं दार पाहायचं ते माहीत होतं.

भरायच्या दिवशी ढेप पाठवणाऱ्या शेठचा माणूस आला. पोतीवाले हमाल रांगेत उभे. तो एकेक डबा उघडून आत डोकावत, भिंतींवर बोट फिरवत पुढं सरकत होता, आणि या डब्यापाशी थांबला. "हा डबा नाई चालणार. यात मच्छी गेली आहे." "मच्छी नाई गेली," नागसेन म्हणाला, "चित्र आहे ते." "मच्छी नाई गेली तं मच्छीचं चित्र काहून?" पुन्हा तोच शब्द, आणि पुन्हा याचं तेच उत्तर. "असंच." शेठच्या माणसानं दाराला नाक लावलं. "वास तं येऊन राहिला." "वार्निशचा वास होय तो." "तेच म्हणतो ना मी. मच्छीचा वास दाबायले वार्निश लावलं." दामिनी पुढं झाली, म्हणाली, "भाऊ, खाली संत्रा बी आहे, मग संत्र्याचा वास काहून नाई येत?" त्यानं शांतपणे संत्र्याकडे पाहिलं. "लिंबू होय थे. मच्छीवर पिळतात." नागसेननं ओला टॉवेल आणला, साबण आणला, वार्निश हलेना, त्यानं स्वतःच्या हातानं दोन थर दिले होते. शेठला फोन झाला, शेठनं साहेबांना फोन केला. साहेब येऊन दारापुढं उभे राहिले, मासोळी पाहिली, फोडी पाहिल्या, नागसेनकडे पाहिलं, आणि यावेळी काही विचारलं नाही. डबा काढा म्हणाले. काढायचा तर दारावर सिक लिहायचं, आणि ते लिहायचं काम त्याचंच होतं. त्यानं लिहिलं, मासोळीला धक्का लागणार नाही अशा बेतानं, कोपऱ्यात.

बाकीचा रेक भरला, इंजिन लागलं. डबा मागं एकटा उभा. हॉर्न वाजला तेव्हा तो धावत सुटला, गिट्टीवरून, या वयात. मागून दामिनी ओरडली, काका पडशान. गार्डच्या डब्याआधीचा शेवटचा डबा त्यानं गाठला. खडू दाराला टेकवला, गोल वळवायला घेतला. गाडी हलली. तो गोलाबरोबर चालला, मग पळाला, खडू मोडला आणि दार निघून गेलं.

छत्तीसगडातल्या एका यार्डात त्या गाडीची तपासणी झाली. शेवटच्या डब्यावर खडूचा अर्धा गोल होता. ती खूण कशाची ते तिथं कोणाला सांगता आलं नाही. बिघाडाची असेल म्हणून तो डबा गाडीतून सोडवून बाजूच्या लाइनीवर ठेवला, आणि बाकीची गाडी वरच्या गेटकडे गेली.